तीन किलो पाण्याचा हिशेब

होळी झाली की घरोघरी वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. कुणाला रंगासाठी ब्याडगी हवी असते, कोल्हापूरकडे संकेश्वरीशिवाय चालत नाही, नागपूरकडे भिवापुरीचा आग्रह. आपले वाचक, मग ते बचतगट असोत, कांडपवाले असोत की स्वतःची मिरची दळून विकणारे शेतकरी, वर्षाची बरीचशी कमाई याच दोन-तीन महिन्यांत करतात. पाकीट कसे असावे, नाव काय द्यावे, यावर ते खूप विचार करतात. वाळवणीवर मात्र फारसे कुणी बोलत नाही, आणि आमच्या मते हा धंदा तिथेच तरतो किंवा बुडतो.

चार किलो पिकलेली लाल मिरची वाळवली की साधारण एक किलो हाती लागते. उरलेले तीन किलो पाणी. ते कसे आणि किती दिवसांत बाहेर पडले, त्यावर पुढचे सगळे ठरते. नंदुरबारच्या पथारींवर उघड्या जमिनीवर मिरची पसरलेली असते. दिवाळीच्या सुमारास अवकाळीची एक सर आली की हजारो रुपयांचा माल काळवंडतो. रंग उडून फटकी निघालेल्या मिरचीला भाव पडून मिळतो, पण ती निदान डोळ्यांना दिसते, वेचता येते. न दिसणारे नुकसान अधिक वाईट. साल कडक झाली तरी देठाकडचा भाग ओलाच राहतो. अशी मिरची पोत्यात भरली की आत बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते भाजून जात नाही, दळूनही जात नाही. युरोपात मिरचीत त्याची मर्यादा किलोला अवघी 10 मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडेही तिखटात 11 टक्क्यांहून अधिक ओलावा कायद्याला चालत नाही.

हे माहीत असूनही, भरताना मिरची तुटू नये आणि वजनही वाढावे म्हणून वाळलेल्या मालावर पाणी मारले जाते. सरावाची गोष्ट म्हणून तिच्याकडे काणाडोळा करू नये. आठवडाभराच्या उन्हाने जे कमावले ते एका फवाऱ्यात घालवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो खाणाऱ्याच्या जिवाशी खेळतो.

दळताना यंत्र तापू देऊ नका, तापलेल्या तिखटाचा वास उडतो. पारदर्शक पाकीट उन्हात टांगू नका, महिन्या-दोन महिन्यांत रंग विटतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते; दुर्लक्ष होते ते वाळवणीकडे.

म्हणून या हंगामापुरती एकच विनंती. पॅकिंगच्या यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर जाळीचे मांडव घाला, रात्री ते ताडपत्रीने झाका, आणि गटात मिळून एक ओलावामापक घ्या. प्रत्येक पोत्यावर वाळवणीची तारीख आणि ओलाव्याचा आकडा खडूने लिहा. गिऱ्हाईक विचारील तेव्हा तो दाखवता आला पाहिजे.