कंपनी सरकारचे कान

'कंपनी सरकार' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील विसंगती कोणाच्या कानाला खटकत नाही. व्यापारी मंडळीच फौज बाळगून राज्य करू लागली तर त्यांचे हेरखाते कोणासाठी राबेल, हा प्रश्न आज कित्येकांना कादंबरीतला वाटतो. आदिलाबादेत राहणाऱ्यांनी तरी तसे समजू नये, असे आमचे मत आहे. ज्या फौजेचा खर्च निजाम सोशीत होता पण जिचे अंमलदार इंग्रज होते, तिच्या थकबाकीपायी १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन झाले. पैनगंगेचा पलीकडचा काठ लंडनच्या भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या संस्थेच्या अमलाखाली गेला.

या संस्थेचे हेरखाते निराळी पाटी लावून बसलेले नव्हते. दरबारातील रेसिडेंट हाच त्याचा मुख्य. पुण्यास १७८६ साली मॅलेट आला, १८११ साली एल्फिन्स्टन. अखबारनवीस, हरकारे व फितूर मंडळी यांच्याकरवी वाड्यातील मसलती रेसिडेन्सीत पोचू लागल्या. बाळाजीपंत नातूंचे नाव सर्वांस ठाऊकच आहे. १८१७ साली खडकीस तोफा धडाडल्या, त्यापूर्वीच बातम्यांनी निम्मे काम उरकले होते. आणि युद्ध व तह यांचे गुप्त खलिते विलायतेत कोणाच्या हाती? १७८४ च्या कायद्याने नेमलेल्या, संचालकांपैकी फार तर तिघांच्या गुप्त समितीच्या! इतर संचालकांनाही ते दिसत नसत. मग रयतेची काय कथा!

१८३६ चा तिसावा कायदा आम्ही वकिली डोळ्यांनी वाचला आहे. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरजच त्याने ठेवली नाही. कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, कायद्यापूर्वी वा नंतर, इसम ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप! आणि ते बहुधा ठरे माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर. ठगांनी वाटसरूंचे गळे आवळले यात शंका नाही. परंतु बातमीलाच पुरावा मानण्याची खोड सरकारला लागली की ती ठगांपुरती राहत नाही.

ती राहिलीही नाही. १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, ठगी-दरोडा खाते मात्र उरले. त्याच खात्यात १८८७ साली राजकीय बातम्या गोळा करणारी मध्यवर्ती शाखा निघाली. आजचा गुप्तवार्ता विभाग आपला जन्म तेथूनच मोजतो. त्याची स्थापना, अधिकार व मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा अद्याप नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंधने घातली. पण हुकूम गृहसचिवाचा आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच! ज्या इंग्रजांनी हे खाते आम्हांस दिले, त्यांनी स्वतःची हेरखाती १९८९ व १९९४ साली कायद्याखाली आणली आणि त्यांवर पार्लमेंटच्या सभासदांची समिती बसविली.

कोणी म्हणेल, हेर तर कौटिल्यानेही सांगितले. सांगितले खरे, तापसाच्या वेषातले सुद्धा. पण तिघांच्या वार्ता जुळल्यावाचून विश्वासू नये, हेही त्यानेच सांगितले आणि राजाचे सुख प्रजेच्या सुखात ठेवले. कंपनीचे सुख भागधारकांच्या नफ्यात होते. दुसरे कोणी विचारतील, निरपराध्याला भय कसले? २०२४ साली खुद्द हैदराबादेत बेकायदा फोन-टॅपिंगचा गुन्हा नोंदला जाऊन पोलीस अधिकाऱ्यांनाच अटक झाली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. परंतु ज्याचे बोलणे ऐकले जाते त्याला ते कळतच नाही, मग त्याने दाद मागावी कोठे?

देवळाच्या विश्वस्ताला दानपेटीतील रुपयाचाही हिशेब द्यावा लागतो, आणि त्यात कोणी देवाचा अपमान मानीत नाही. तीच रीत हेरखात्याला लावावी: संसदेचा कायदा, निवडून आलेल्या सभासदांची देखरेख, आणि संभाषण ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी. राष्ट्राला कान हवेत, याबद्दल वाद नाही. ते कान कोणाच्या चाकरीत आहेत, हे विचारण्याचा हक्क आपण कंपनीच्या प्रजेप्रमाणे सोडून देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.