शस्त्रक्रियेनंतरचे घर

मागील मार्गशीर्षातील एका सकाळी आमच्या केशोरी परिसरातील 62 वर्षांच्या एक बाई सुनेसोबत दवाखान्यात आल्या. तक्रार तळपायांना मुंग्या येण्याची होती. तपासण्यापूर्वी वजन करावे म्हणून मी काट्याकडे बोट दाखविले, तर त्या दोन पावले मागे सरल्या. “डाक्टरसाहेब, काट्यावर नका चढवू मले,” एवढेच बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

चार वर्षांपूर्वी त्यांनी नागपूरला वजन कमी करण्याची, म्हणजे बॅरिअॅट्रिक, शस्त्रक्रिया करून घेतली होती. 108 किलोंचे वजन दीड वर्षात 74 किलोंवर आले. आता ते पुन्हा 82 झाले होते. मुलाने धानाची जमीन विकून हा खर्च केला होता, आणि आपण तो वाया घालविला या भावनेने बाई दोन वर्षे कोणत्याही डॉक्टरकडे फिरकल्या नव्हत्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, अशी लाज बाळगण्याचे कारण नाही, हे प्रथम सांगतो. या शस्त्रक्रियेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची एक लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दोन्हींत भूक मंदावते आणि थोड्या अन्नाने पोट भरते. परंतु शरीर आपले जुने वजन सहजासहजी विसरत नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट 25 टक्के उरली. म्हणजे थोडे वजन परत येणे हा शरीरधर्म आहे. ते कोठे थांबवायचे, हे मात्र बऱ्याच अंशी घराच्या हाती असते.

आपल्या विदर्भातील सर्वपरिचित उदाहरण श्री. नितीन गडकरी यांचे. त्यांनी 2011 मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. आपले वजन पूर्वी 135 किलो होते व आता 93 किलो आहे, असे त्यांनी 2022 मध्ये उज्जैन येथील जाहीर कार्यक्रमात सांगितले. या दोन वर्षांमधील अकरा वर्षांचा काळ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते; वजन सांभाळणे हे त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे काम असते.

स्वयंपाकघरात

आमचा भाग धानाचा. ताटात आधी भाताचा डोंगर आणि त्याच्या कडेने वरण, ही आपली रीत. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने हा क्रम उलटा करावा. आधी प्रथिने : घट्ट वरण, उसळ, अंडे, दही, पनीर किंवा बोडीतील ताजी मासोळी. नंतर भाजी. भात वा भाकर सर्वांत शेवटी आणि थोडी. दिवसाकाठी साधारण 60 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी. त्यामुळे केवळ वरणभातावर ही गरज भागत नाही.

जेवणासाठी लहान ताटली घ्यावी. घास बारीक चावून, वीस-तीस मिनिटे सावकाश जेवावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट-घोट घ्यावे आणि दिवसभरात दीड लिटर पूर्ण करावे. साखरेचा चहा, सरबत, चिवडा, बिस्किटे हे पदार्थ लहान जठरातूनही सहज खाली उतरतात. वजन परत येते ते बहुधा याच वाटेने. बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, चक्कर असा त्रासही होतो. मद्य तर फार लवकर चढते. मोहाच्या दारूपासून दूरच राहावे.

औषधांच्या डब्यात

माझ्या रुग्ण बाईंच्या मुंग्यांचे कारण येथे सापडले. त्यांनी जीवनसत्त्वांच्या गोळ्या ‘आता बरे आहे’ म्हणून बंद केल्या होत्या आणि बी-12 फार खाली गेले होते. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ही औषधे जन्मभर घ्यायची असतात. लोह व कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी.

येथे माझी चूकही नोंदवितो. दोन वर्षांपूर्वी याच बाईंच्या मुलाने आईच्या गुडघेदुखीसाठी औषध मागितले असता, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे हे न विचारता मी नेहमीची वेदनाशामक गोळी लिहून दिली होती. बायपासनंतर अशा गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. सुदैवाने त्यांनी ती दोनच दिवस घेतली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हा प्रश्न विचारतो. पण डॉक्टरने विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. शस्त्रक्रियेचा कागद आधारकार्डासोबतच ठेवावा.

घरातील ज्येष्ठांसाठी

वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. साठीनंतर त्याचा परिणाम तोल जाण्यात दिसतो. मधुमेह व रक्तदाबाच्या जुन्या मात्रा तशाच चालू राहिल्या तर साखर किंवा दाब एकाएकी उतरून माणूस पडतो. म्हणून मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्याव्यात. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडा, रात्री बारीक दिवा आणि बसायला हात असलेली भक्कम खुर्ची, एवढे बदल घरात करावेत. त्याच खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे, दिवसातून दोनदा; सुरुवातीला कोणी जवळ उभे असावे. चालण्याने दम सुधारतो, उठबशीने मांड्या बळकट होतात, दोन्ही हवे.

घरच्यांनी एक पथ्य पाळावे. “एवढ्याने काय होते, एक घास आणखी” हा आपला आग्रह प्रेमाचाच असतो. पोळ्याच्या करंजीला नाही म्हणणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते. आग्रह करू नये, आणि वजन वाढले तर टोमणाही मारू नये.

डॉक्टरकडे केव्हा यावे?

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. ते सलग दोन-तीन किलोंनी वाढले तर लगेच यावे. दहा किलो वाढेपर्यंत थांबू नये. काळी शौच, असह्य पोटदुखी किंवा न थांबणारी उलटी झाल्यास त्याच दिवशी यावे. उलट्या बरेच दिवस चालल्या असतील, तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी बी-1 जीवनसत्त्व देणे आवश्यक असते. अन्यथा मेंदूला इजा होऊ शकते. म्हणूनही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगणे महत्त्वाचे.

त्या बाई आता दर महिन्याला येतात. बी-12 च्या इंजेक्शनांनी मुंग्या बऱ्याच उतरल्या आहेत. सहा महिन्यांत वजन 3 किलोंनीच घटले; परंतु खाटेखाली ढकललेला घरचा काटा सुनेने ओसरीवर आणून ठेवला आहे आणि वही सासूबाई स्वतः लिहितात. मागच्या खेपेस मी सांगण्याआधीच त्या काट्यावर उभ्या राहिल्या.