रॅम नवी, वेग जुनाच?

असेंबल्ड पीसीची मजा काही औरच! ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घालायची, भावासाठी हुज्जत घालायची आणि एकेक पार्ट निवडून घरी आणायचा. मग रविवारची अख्खी दुपार स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसायचं. या सगळ्या खटाटोपात सर्वात सोपं काम कुठलं, तर रॅम बसवणं. स्लॉटची खिट्टी उघडा, खाच जुळवा, वरून नीट दाबा, 'टक्' असा आवाज आला की झालं काम!

खरंच झालं? एकदा टास्क मॅनेजर उघडून बघा. 'परफॉर्मन्स'मध्ये जा, 'मेमरी'वर क्लिक करा आणि 'स्पीड'समोरचा आकडा वाचा. खोक्यावर ठसठशीत ६००० छापलेलं आणि इथे ४८००? घाबरू नका. दुकानदाराने फसवलेलं नाही, रॅमही खराब नाही. तुमची रॅम फक्त परवानगीची वाट बघत बसली आहे. ती परवानगी तुम्हीच द्यायची असते, आणि गंमत म्हणजे हे खोक्यावर कुठेही ठळकपणे लिहिलेलं नसतं.

पूर्वी याकडे कानाडोळा केला तरी चालून जायचं. आता रॅम ही सोन्यासारखी जपण्याची वस्तू झाली आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती जबरदस्त भडकल्या. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि तिघींचाही ओढा एआयच्या डेटा सेंटर्सकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपल्या 'क्रुशियल' या घरगुती ग्राहकांच्या ब्रँडचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जास्त पैसे मोजून वेगवान रॅम घ्यायची आणि ती साध्या वेगाने चालवायची, म्हणजे फर्स्ट क्लासचा पास काढून रोज सेकंड क्लासमध्ये लटकण्यासारखंच!

अशी का बसते मुकाट?

प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक छोटी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते: वेग किती, व्होल्टेज किती, टायमिंग काय. पीसी सुरू झाला की मदरबोर्ड ही कुंडली वाचतो आणि त्यातला सगळ्यात सुरक्षित वेग निवडतो. हा वेग जेडेक या संस्थेने ठरवलेल्या मानकाप्रमाणे असतो. डीडीआर५ साठी तो साधारणपणे ४८०० किंवा ५६०० असतो. डीडीआर४ ची ३२०० ची पट्टी असेल, तर ती बरेचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वर सुरू होते.

खोक्यावरचा मोठा आकडा त्याच चिपमध्ये वेगळ्या पानावर लिहिलेला असतो. इंटेलच्या जगात या पानाला एक्सएमपी म्हणतात, ते २००७ पासून आहे. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये आपलं वेगळं पान काढलं, त्याचं नाव एक्स्पो. दोन्हींचा अर्थ एकच: 'ही पट्टी या व्होल्टेजवर, या टायमिंगने, या वेगाने पळते, असं आम्ही तपासलं आहे.' पण तुमचा प्रोसेसर आणि तुमचा मदरबोर्ड त्या वेगाने पळेल की नाही, हे रॅमच्या कंपनीला कसं कळणार? म्हणून हे पान आपोआप लागू होत नाही. आणि म्हणूनच कागदोपत्री याला ओव्हरक्लॉकिंग म्हटलं जातं. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीच्या बारीक अक्षरांत त्याचा उल्लेख आहे, तो एकदा वाचून ठेवा.

अर्धाच आकडा दिसतोय!

सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुष्कळांच्या पीसीवर असतं. त्यात मेमरीच्या पानावर ६००० च्या रॅमसमोर ३००० च्या आसपासचा आकडा दिसतो आणि लोकांच्या पोटात गोळा येतो. यात काहीही गडबड नाही. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. झोपाळा पुढे जाताना एक पिशवी टाकली आणि मागे येताना दुसरी, तर एका झोक्यात दोन पिशव्या. तसंच इथे घड्याळाच्या एका ठोक्यात डेटा दोनदा जातो. घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचं, डेटाच्या फेऱ्या सेकंदाला ६००० दशलक्ष. त्यामुळे सीपीयू-झेडच्या आकड्याला दोनने गुणायचं आणि निवांत व्हायचं.

आता दुसरा आकडा, सीएल. डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंत किती ठोके थांबायचं, ते हा सांगतो. लोकलच्या भाषेत, गाड्या किती सुटतात हा झाला वेग आणि प्लॅटफॉर्मवर किती वेळ उभं राहायचं हा झाला सीएल. ४८०० वर सीएल ४० असेल तर वाट बघायची सुमारे १६.७ नॅनोसेकंद. ६००० वर सीएल ३० असेल तर फक्त १० नॅनोसेकंद. शिवाय दोन पट्ट्या मिळून डेटाची कमाल वाहतूक सेकंदाला ७६.८ जीबीवरून ९६ जीबीवर जाते. म्हणजे गाड्याही वाढल्या आणि ताटकळणंही कमी झालं.

चला, कामाला लागू या

आधी पट्ट्या कुठे बसवल्यात ते बघा. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. बोर्डावर ते ए२ आणि बी२ असे लिहिलेले असतात. शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर जाऊ शकतात आणि मग वाहतूक सरळ अर्ध्यावर! कुठल्याही सेटिंगपेक्षा हा तोटा मोठा आहे.

मग मदरबोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा बायोस घ्या. हा सल्ला उगाच नाही. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने बायोस अपडेटमधून त्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली. तुमचा बोर्ड त्याआधीचा असेल आणि बायोसही तेव्हाचाच असेल, तर पहिलं काम हेच.

आता पीसी रीस्टार्ट करून 'डिलीट' किंवा 'एफ२' दाबत राहा, बायोस उघडेल. पहिल्याच पानावर एक्सएमपी किंवा एक्स्पो असं काहीतरी दिसेल. आसुसच्या जुन्या एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयच्या बोर्डांवर ए-एक्सएमपी. नावं वेगळी, काम तेच. प्रोफाइल निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा. संपलं! बाकीची टायमिंग आणि व्होल्टेज हाताने भरत बसायची गरज नाही.

आता धीर धरा. डीडीआर५ च्या पीसीमध्ये, विशेषतः एएमडीच्या, पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड त्या वेळी रॅमशी सूर जुळवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. इथेच घाबरून पॉवरचं बटण दाबणारे महाभाग पुष्कळ. जा, चहा टाका, मग या. पंधरा मिनिटांनंतरही काही झालं नाही, तर पीसी बंद करा, प्लग काढा आणि बोर्डावरचं बटनसारखं गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येईल. कुणाचंच नुकसान नाही.

आता सर्वात महत्त्वाचं

विंडोज उघडलं, टास्क मॅनेजरमध्ये ६००० दिसलं, मित्रांना स्क्रीनशॉटही गेला. बहुतेक जण इथेच थांबतात. पण पीसी सुरू होणं आणि रॅम बिनचूक चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रॅम वेगाच्या काठावर असेल तर ती दर मिनिटाला चुकत नाही. ती कधीतरी, एखाद्याच ठिकाणी शून्याचा एक करते. तो नेमका ब्राउझरच्या टॅबमध्ये पडला तर टॅब बंद होतो, तुम्ही क्रोमला शिव्या घालता. झिप फाइलमध्ये पडला तर ती उघडत नाही, तुम्ही इंटरनेटला शिव्या घालता. पण तो ताईच्या लग्नाचे फोटो नव्या डिस्कवर कॉपी करताना पडला तर? कुठलाही एरर येत नाही. फोटो बिघडलेलाच सेव्ह होतो आणि ते कळतं वर्षभराने, मूळ प्रत पुसून टाकल्यानंतर. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका सुधारण्याची सोय असते हे खरं, पण ती चिपच्या आतल्यापुरतीच. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही.

म्हणून प्रोफाइल सुरू केल्यावर त्याच रात्री मेमटेस्ट८६ लावा. ते फुकट मिळतं, पेनड्राइव्हवर टाकायचं आणि पीसी त्यावरून सुरू करायचा. झोपण्यापूर्वी लावा, सकाळी बघा. चार फेऱ्या पूर्ण आणि चुका शून्य, तरच पास. 'एखादी चूक चालते हो' असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून पीसीबद्दलचा सल्ला घेणं बंद करा.

चुका आल्या तर? वेग एक पायरी उतरवा. प्रोफाइल तेच ठेवून ६००० च्या जागी ५८०० करा, नाहीतर ५६००. पुन्हा टेस्ट. ६००० वरून ५६०० वर आलात तर वाहतूक ७ टक्क्यांहूनही कमी घटते. रोजच्या वापरात हा फरक ओळखून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! आणि मूळ जेडेक वेगावरही चुका येत असतील, तर पट्ट्या नीट बसवून पुन्हा तपासा. तरीही आल्या तर बहुधा रॅमच खराब आहे. सरळ बिल घेऊन दुकान गाठा.

घेण्याआधी हे लक्षात ठेवा

बोर्ड कुठला ते आधी बघा. इंटेलच्या जुन्या बी४६० आणि एच४१० बोर्डांवर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही. तिथे दहाव्या पिढीच्या आय५ सोबत ३२०० ची रॅम लावली तरी ती २६६६ वरच चालणार. ही सोय बी सीरिजमध्ये २०२१ च्या बी५६० पासून आली.

'आत्ता दोन पट्ट्या घेऊ, पुढच्या बोनसला आणखी दोन' हा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात चार पट्ट्या सांभाळताना प्रोसेसरची दमछाक होते. रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग अधिकृत केला, चार पट्ट्यांना फक्त ३६००. शिवाय प्रोफाइलची तपासणी एका खोक्यातल्या जोडीपुरतीच असते. दोन वेगळ्या जोड्या एकत्र नांदतील याची हमी कुणीच देत नाही. ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन पट्ट्या एकाच खोक्यातून घ्या. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, तीही एकदा चाळा.

आणि शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा वेग मला कुठे लागणार आहे? एक्सेल, ईमेल आणि रात्रीची वेब सीरिज एवढ्यावर भागत असेल, तर ४८०० आणि ६००० मधला फरक जाणवणार नाही. मग महाग जोडी न घेता साधी घ्या, उरलेल्या पैशात चांगला एसएसडी येईल. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल, तर रॅमचा वेग म्हणजे थेट गेमचा वेग, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. जोरदार कार्ड लावून भन्नाट फ्रेम रेटने खेळणाऱ्यांनाही तो लागतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर दोन मिनिटं काढा आणि टास्क मॅनेजर उघडून बघा. खोक्यावरचा आकडा पडद्यावर नसेल तर बायोसमध्ये जाऊन तो मिळवा. पैसे तुम्ही मोजले आहेत, वेग तुमचाच आहे. फक्त मिळवल्यावर एक रात्र त्याची परीक्षा घ्या. आणि हो, त्याआधी फोटोंचा बॅकअप!