कोपीतल्या लेकरांचे दात : शिकवायचं कुणाला?

दिवाळीच्या आगेमागे निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात कोप्या उभ्या राहतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड टोळ्या मार्च-एप्रिलपर्यंत इथेच. त्यांच्या उचलीवर, मजुरीवर, पोरांच्या बुडणाऱ्या शाळेवर अधूनमधून लिहून येतं. पोरांच्या दातांवर कोण लिहिणार? दुधाचे दात काय, पडणारच, असं शिकलेली माणसंही म्हणतात.

हा समज महागात पडतो. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या की पोर धड जेवत नाही, रात्री झोपत नाही. शिवाय सहाव्या वर्षी मागे जी दाढ येते ती कायमची. कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

आपल्याकडचा पेच वेगळा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघंही अंधारातच फडात जातात. मागे पोराजवळ आजी, नाहीतर आठ-दहा वर्षांची ताई. पोर रडलं की चहा-बिस्कीट, नाहीतर साखरेच्या दुधाची बाटली. बाटली तोंडात ठेवून झोपलं की साखर दातांवर तशीच राहते आणि झोपेत लाळ कमी सुटते. कीड तिथेच सुरू होते. आजीच्या बोटाला मशेरी असेल तर पोराच्या दातालाही तीच लागायची भीती. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

म्हणून शिकवायचं ते या दोघींना. गोष्टी चारच. रात्री झोपताना बाटलीत पाणीच. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा घासणं, त्यातलं रात्रीचं न चुकता. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला लावायचं. आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून बघायचं : हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात. तेव्हा फ्लोराईडने ती थांबवता येते. काळा खड्डा पडल्यावर नाही.

आता हिशेब मांडू. तांदळाचा दाणा म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. दोन वेळचे ०.२. शंभर ग्रॅमची ट्यूब एका लहानग्याला वर्षभराहून जास्त पुरते. उलट दाढ ठणकायला लागली की दवाखाना आलाच, आईचा खाडा आला, आणि अर्धा कोयता बसला की टनावरची मजुरीही घटली.

यंत्रणा नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात दातांची तपासणीही येते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पण कोपीतलं पोर इथल्या पटावर नसतं आणि गावाकडच्या पटावर असून गैरहजर. इथे तपासलं तरी माहितीचा कागद कन्नडमध्ये मिळाला तर आजीला तो काय कळणार? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकालापर्यंत पोराची दाढ थांबणार नाही.

आपल्या भागात मराठी बोलणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांनी कोपीवर जावं ते संध्याकाळी, भाकरीच्या वेळी, सगळी घरी असताना. ब्रश हातात देऊन ताईकडूनच घासून घ्यावं. ट्यूबचा खर्च कारखान्याला जड नाही. सगळ्यात महत्त्वाचं, तपासणी हंगामाच्या सुरुवातीला व्हावी. नोव्हेंबरात कीड सापडली तर उपचाराला चार-पाच महिने मिळतात. मार्चमध्ये सापडली तर बैलगाडी, ट्रॅक्टर गावाच्या वाटेला लागलेले असतात. निघताना हातात मराठीतली एक चिठ्ठी असली, कुठल्या दाताचं काय केलं एवढी, तरी गावच्या डॉक्टरला पुढचं काम सुरू करता येईल.