वाटाण्याचा वेल

चार वर्षांपूर्वी मी कॅमेरा घेतला, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, मराठीचा मास्तर फोटो काढून करणार काय?"

"पाहायला शिकणार!" मी ऐटीत म्हणालो. उत्तर झकास होते. शिकणे मात्र तेवढे झकास झाले नाही.

आम्ही राहतो वाळूजला. वेरूळ जवळच. पहिल्याच रविवारी कैलास लेण्यासमोर उभा राहून पन्नास-साठ फोटो काढून आणले. घरी येऊन पाहतो तो काय, सगळे वाण्याच्या कॅलेंडरवरच्यासारखे! रॉबर्ट गिल आणि फर्ग्युसन यांनी अजिंठा-वेरूळच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली काढले. तेव्हापासून इतक्या कॅमेऱ्यांनी ती लेणी टिपली आहेत, की माझ्या फोटोंत माझे असे काही उरलेच नव्हते. स्टाफरूममध्ये सारे म्हणाले, "वा, अगदी कॅलेंडरसारखे!" आणि खरे सांगतो, मी खूश झालो.

त्याच सुमारास आणखी एक फोटो काढला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. संध्याकाळची तिरपी उन्हे, अर्धा चेहरा अंधारात, हातात अडकित्ता. सुपारी कातरताना ते असेच मान कलती करून, जगाला विसरून बसत. मला तो फोटो आवडला होता. पण एका स्नेह्यांना दाखवला, तर ते म्हणाले, "प्राध्यापक, चेहरा कुठे आहे? उजेड समोरून घ्यावा!" मी तत्काळ तो पुसून टाकला.

गेल्या वर्षीच्या श्रावणात अण्णा गेले. भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधू लागलो. सापडला तो पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. चेहरा लख्ख, उजेड अगदी समोरून! आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ह्या फोटोत 'हे' नाहीत रे."

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. चित्रपटाच्या आधी ते छायाचित्रकार होते. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. चित्रपट काढायचा तर भांडवल हवे, आणि या नव्या खुळावर पैसे लावायला कोणी धजेना. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोडे थोडे करून, महिनाभराहून अधिक काळ, त्याच्या वाढीची चित्रे घेतली. ती ओळीने पडद्यावर धावली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुराचा वेल झाला! भांडवल मिळाले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. लोकांना पटले ते शेवटी. त्याआधी दाखवण्याजोगे काही हाती नसताना, फाळके स्वतःच्या भरवशावर कुंडीपुढे उभे राहत होते. मला एका वाक्याचाही धीर निघाला नव्हता!

हल्ली मी वेरूळला जात नाही. रोज एकच फोटो काढतो, तोही आमच्या ओट्याचा. तिथे कधी आई भाजी निवडत असते, कधी मांजर पहुडलेले असते. आषाढीला शेजारच्या पंढरपूरला निघालेले वारकरी घोटभर पाण्यासाठी टेकतात. ऊन दिवसागणिक कसे सरकते, हे चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच कळू लागले आहे.

आणि एक नियम केला आहे. काढलेला फोटो आठ दिवस कोणाला दाखवायचा नाही. आठव्या दिवशी आधी आपण पाहायचा. तेव्हाही हवासा वाटला, तर तो राहिला. मग लोकांचे ऐकावे. उजेडाबद्दल ते पुष्कळदा बरोबर सांगतात. पण पुसायचा की नाही, हे आपण ठरवावे.

परवा आई ओट्यावर दिवाळीच्या वाती वळत होती. संध्याकाळची वेळ, अर्धा चेहरा अंधारात, बोटांवर ऊन. नवव्या दिवशी तेच स्नेही आले. फोटो पाहून म्हणाले, "चेहरा जरा..."

"चहा घ्या," मी म्हणालो.

फोटो जपून ठेवला आहे. भिंतीवर लावायची घाई नाही. आई समोरच बसली आहे!