अश्रू कोणासाठी?

३० जुलै २०१५ हा दिवस नियतीने जणू समाजाची परीक्षा पाहण्यासाठीच निवडला होता. त्या सकाळी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमन फासावर गेला आणि त्याच दिवशी रामेश्वरमला माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा दफनविधी झाला.

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कलाम परके नव्हते. लष्कराच्या चिलखती दलाचे केंद्र याच शहरात आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही येथेच आहे आणि १९९२ ते १९९९ या काळात कलाम त्या डीआरडीओचे प्रमुख होते. रणगाड्यांच्या सान्निध्यात वाढलेल्या जिल्ह्याला देशरक्षणासाठी झिजलेला माणूस ओळखता येतो. त्यासाठी त्याचा धर्म विचारावा लागत नाही.

त्या दिवशी मुंबईत मात्र मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानाजवळ हजारोंची गर्दी उसळली. त्यातील प्रत्येक जण दहशतवादाचा पाठीराखा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आप्त होते, शेजारी होते, निव्वळ बघेही होते. पण न्यायालयाने दोषी ठरविलेल्या कटकर्त्याच्या जनाज्याला एवढी गर्दी का व्हावी, हा प्रश्न त्याच समाजातील कलामांच्या चाहत्यांनी मोठ्याने विचारायला हवा होता.

गर्दीचे एक वेळ सोडा. राष्ट्रपतींकडे दयेची याचना करणाऱ्या नामवंतांचे काय? निवृत्त न्यायमूर्ती, वकील, चित्रपटवाले अशी ती मांदियाळी होती. (त्यात भाजपचे तत्कालीन खासदार शत्रुघ्न सिन्हाही होते, हे लपविण्याचे कारण नाही.) फाशीलाच तत्त्वतः विरोध असणाऱ्यांची भूमिका एक वेळ समजू शकते. परंतु याकूब बिचारा भावाच्या पापाचा बळी ठरला, हा कांगावा निकालपत्रासमोर टिकत नाही. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यातील अन्य दहा जणांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली. ते दहा जण केवळ बाण होते. धनुर्धर होते याकूब आणि फरारी आरोपी, असे न्यायालयाने म्हटले. शेवटच्या रात्री तर पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी तीन न्यायमूर्तींनी याकूबचे म्हणणे ऐकले. १२ मार्च १९९३ च्या दुपारी शेअर बाजारात, काथा बाजारात, सेंच्युरी बाजारात चिंधड्या उडालेल्या २५७ जणांना कोणते न्यायासन उघडे होते?

नोव्हेंबर २०१२ मध्ये कसाबच्या फाशीनंतर फटाके फोडणाऱ्यांनाही येथे दोन शब्द ऐकवले पाहिजेत. शिक्षेची अंमलबजावणी हे राज्याचे गंभीर कर्तव्य आहे, ती दिवाळी नव्हे. फटाक्यांच्या धुरात सूत्रधारांचा विसर पडतो. टायगर मेमन आणि दाऊद अद्याप भारतीय न्यायालयासमोर उभे राहिलेले नाहीत. याकूबचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या २५७ पैकी एक तरी नाव त्याच्या आईवडिलांना सांगता येईल काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये याकूबच्या कबरीभोवती संगमरवर आणि एलईडी दिवे असल्याचे उघड झाले. बोभाटा झाल्यावर पोलिसांनी दिवे काढले. कबर कोणी सजवली, यावर राजकीय पक्षांत काही दिवस चिखलफेक चालली. मृतांच्या कुटुंबीयांकडे तेव्हाही कोणी फारसे फिरकले नाही.