तुझंच राहिलंय

वर्गणीच्या वहीत तीन रकाने असतात: नाव, रक्कम, सही. पहिलं नाव मॅनेजरचं, त्यापुढे पाचशे. पाळी बदलताना सुपरवायझर ही वही स्वतः फिरवतो. उद्याची हजेरी, ओव्हरटाइम, गावी जायची सुट्टी, सगळं त्याच्याच हातात. भिवंडीजवळच्या माणकोली, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांत ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला मग ‘सगळ्यांनी दिले, तुझंच राहिलंय’ एवढं वाक्य पुरतं. कधी पूरग्रस्तांसाठी, कधी गोदामातल्या गणपतीसाठी, कधी साहेबांच्या ओळखीच्या संस्थेसाठी. कारण चांगलंच असतं, म्हणून तर नाही म्हणणारा वाईट ठरतो.

सरकारी कचेऱ्यांतही हेच चालतं, फक्त वहीच्या जागी परिपत्रक येतं. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांकडे महिन्याचा पगार मागितला. ज्याला द्यायचा नाही त्याने तसं लेखी कळवावं, अशी अट होती. उच्च न्यायालयाने ती अट रोखली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथेही हरलं. देणं जमत नाही हे लिहून देण्याची मानहानी कर्मचाऱ्याने का सोसावी, हा न्यायालयाचा सवाल होता. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. सही देणाऱ्याची घ्यायची असते, न देणाऱ्याची नाही. १९३६ च्या वेतन कायद्यातही पंतप्रधान सहाय्यता निधीसाठी पगारातून कपात करायची तर कामगाराची लेखी संमती लागायची.

भिवंडीतल्या माणसाला द्यायला शिकवावं लागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली, तेव्हा बचावपथक पोहोचण्याआधी शेजारपाजारचे लोकच हातांनी ढिगारा उपसत होते. लूमवर कुणी दगावला तर त्याला गावी पोहोचवायचे पैसे सोबतचे कारागीर गोळा करतात. त्यांना मीटरवर मजुरी मिळते आणि वीज गेली की तीही थांबते, तरी ते देतात. तिथे कुणी वही तपासत नाही.

कंपनीला मदत करायचीच असेल तर तिचा स्वतःचा खिसा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचं बंधन घातलं आहे. कामगारांनाही सहभागी करून घ्यायचं असेल, तर गेटजवळ बंद पेटी ठेवावी. नाव नको, रक्कम नको, आणि सुपरवायझरने तिच्या आसपासही उभं राहू नये. ठेकेदाराच्या माणसांकडे तर मागूच नये. या महिन्यात किती दिवस काम मिळणार, हे त्यांना पहिल्या तारखेला ठाऊक नसतं.